आधी कॅबिनेट उघडा, मग लॅमिंग्टन रोड गाठा

‘मेमरी फुल झालीय, वाढवून द्या.’ मुंबईत वाकोल्यातल्या कुठल्याही मोबाइल-कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अर्धा तास उभे राहा, हे वाक्य दोनदा तरी कानावर पडेल. बोलणाऱ्याच्या मनात मात्र दर वेळी वेगळीच वस्तू असते. एकाच्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ मावत नसतात. दुसऱ्याच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते. तिसऱ्याचा पीसी ब्राउझरचे सहा टॅब उघडले की मान टाकतो. यातल्या फक्त तिसऱ्याला रॅम लागणार आहे, आणि तीही लागेलच असं नाही.

आमच्या इमारतीत लोक मला लिफ्टमध्ये गाठून हेच विचारतात. कलिन्याच्या विद्यापीठात शिकणारी मुलं, घरून जीएसटीची कामं करणारे, बीकेसीतल्या ऑफिसांतून निघालेला जुना पीसी स्वस्तात घेतलेले, सगळ्यांचे प्रश्न तेच. किती घेऊ? कोणती घेऊ? दुकानदार सांगतोय ते खरं का? एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं.

फरक एवढाच लक्षात ठेवा: डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. वन रूम किचनमध्ये राहिलेल्याला जास्त सांगायला नको. फडताळात वर्षाचं सामान मावतं, पण ओटा हातभर असेल तर दोन पदार्थ एका वेळी होत नाहीत. एक उचलून आत ठेवावा तेव्हा दुसरा घेता येतो. रॅम भरली की विंडोज हेच करतं. ओट्यावरचं सामान डिस्कवर ठेवतं, लागलं की परत काढतं. त्या खेपांनाच आपण ‘पीसी हँग झाला’ म्हणतो.

खरंच रॅम कमी पडतेय का?

रोजचं काम सुरू करा: टॅली, ब्राउझर, व्हॉट्सॲप, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ बघा.

- वापर सतत ८०-८५ टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय.
- मेमरी निम्मीच वापरात आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. तुम्हाला एसएसडी हवी. रॅमवर पैसे घालूनही पीसी तसाच रांगेल.
- दोन्ही शंभरच्या आसपास असतील, तर आधी रॅमकडे बघा. डिस्कवरचा ताण बहुधा वर सांगितलेल्या खेपांचा असतो.

याच पडद्यावर खाली किती स्लॉट भरलेत, रॅम कोणत्या वेगाने चालतेय आणि पट्टी डेस्कटॉपची आहे की लॅपटॉपची, हेही दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडेल. १६ जीबीच्या जागी १५.३ किंवा १५.८ दिसलं तर दुकानदाराला फोन करू नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते.

‘रॅम साफ करणारी’ फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ओटा पुसल्याने मोठा होत नाही.

कोणती रॅम, हे मदरबोर्ड ठरवतो

रॅमचा प्रकार दुकानदार ठरवत नाही आणि तुम्हीही ठरवत नाही. सध्या घराघरांत तीन पिढ्या आहेत, आणि एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

- डीडीआर३: इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे आय३, आय५, आय७. यांचे स्वस्त मदरबोर्ड बहुतेक दोन स्लॉटचे, आणि सगळी मिळून १६ जीबीच घेणारे.
- डीडीआर४: ढोबळमानाने इंटेलची सहावी ते अकरावी पिढी आणि एएमडीचे एएम४ सॉकेटचे रायझन.
- डीडीआर५: एएमडीचं एएम५ सॉकेट आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप.

बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी म्हणजे इंटेलचा घोळ आहे. प्रोसेसर तोच, पण काही मदरबोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. ‘आय५ बारावी पिढी आहे’ एवढं सांगून रॅम मागितलीत तर पन्नास टक्के नशिबावर सोडलंत. मदरबोर्डचं मॉडेल बघा. बोर्डवरच छापलेलं असतं; सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रामातही दिसतं.

त्याहून सोपी खूण म्हणजे जुन्या पट्टीवरचं लेबल. वीज बंद करून कॅबिनेटची बाजू उघडा आणि लेबलावरच्या ‘पीसी’ने सुरू होणाऱ्या ओळीचा फोटो घ्या. त्यात सगळी कुंडली असते. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ‘पीसी५’ म्हणजे डीडीआर५. पुढचा आकडा वेगाचा. तो १२८०० किंवा २५६०० असा मोठा असेल तर आठने भागा: १६०० आणि ३२०० मिळतील. आकड्यानंतर येणारी अक्षरं सगळ्यांत महत्त्वाची. त्यांत ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची साधी पट्टी, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची आखूड पट्टी, आणि ‘आर’ असेल तर सर्व्हरची. त्या ‘आर’वर पुढे येतोच.

ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे पीसी घेतले असतील तर सावध राहा. ते दिसतात डेस्कटॉप, पण आत लॅपटॉपची पट्टी लागते. आणि अलीकडच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाखलेली असते. ती वाढतच नाही. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावरच संसार.

किती घ्यावी?

अर्ज भरणं, टायपिंग, टॅली, यूट्यूब एवढ्यावर भागत असेल तर ८ जीबी अजून चालते. कॉलेजचा विद्यार्थी, कोडिंग शिकणारा, घरून ऑफिसचं काम करणारा, पत्रिका-बॅनरचं डीटीपी करणारा यांनी १६ जीबी घ्यावी. व्हिडिओ एडिटिंग, मोठी ड्रॉइंग, ॲन्ड्रॉइड स्टुडिओ, नवे गेम असतील तर ३२. त्यापुढची गरज असणाऱ्याला ती आधीच माहीत असते. ‘६४ घेऊ का?’ असं विचारावं लागत असेल तर उत्तर नाही असं आहे.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. चौथ्या पिढीच्या पीसीत १६ जीबी डीडीआर३ भरणं म्हणजे पाडायला काढलेल्या इमारतीत नवी फरशी बसवणं. ८ जीबीपर्यंत न्या, एक छोटी एसएसडी बसवा, हवं तर लिनक्स टाका आणि बाकीचे पैसे पुढच्या पीसीसाठी ठेवा.

एक पट्टी की दोन?

दोन. १६ हवी असेल तर ८ आणि ८. प्रोसेसर दोन वाटांनी एकाच वेळी माहिती उचलतो. एकच पट्टी लावली की एक वाट रिकामी राहते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ग्राफिक्सही याच रॅममधून खातं.

याला अपवाद एकच. बोर्डवर दोनच स्लॉट आहेत आणि वर्षभरात ३२ वर जायचं नक्की आहे, तर आज १६ ची एक घ्या. नुसतं ‘पुढेमागे बघू’ असेल तर दोन आठच बऱ्या.

जुन्या ८ च्या जोडीला वेगळ्या कंपनीची ८ चालते का? बहुतेकदा चालते, दोन्ही पट्ट्या त्यांतल्या हळूच्या वेगाने धावतात. ८ ला ४ ची जोडही चालते. मात्र बसवून, तपासून, नाही जमली तर परत करता येईल अशा बोलीवरच घ्या. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरण्याच्या मोहात पडू नका. चार पट्ट्यांवर वेग बराच उतरतो.

मेगाहर्ट्झ आणि ‘सीएल’

दुकानात सगळ्यांत जास्त वेळ यावर जातो आणि घरच्या कामाला सगळ्यांत कमी फरक यानेच पडतो. म्हणून थोडक्यात.

डीडीआर४ मध्ये ३२०० आणि डीडीआर५ मध्ये ५६०० ते ६००० घेतली की विषय संपला. ‘सीएल’ हा विलंबाचा आकडा, पण तो एकटा वाचायचा नसतो. ३२०० ला सीएल १६ आणि ६००० ला सीएल ३० या दोघींचा प्रत्यक्ष विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद. आकडा मोठा म्हणून डीडीआर५ हळू, असं कोणी सांगितलं तर चहा पिऊन बाहेर पडा.

बोर्ड आणि प्रोसेसर किती वेग पेलतात, हेही बघा. दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि एच४१० चा बोर्ड असेल तर रॅम २६६६ वरच चालणार. ३६०० ची घेतलीत तर वरचे पैसे वाया.

उलट तक्रारही येते: ‘३२०० ची घेतली, पीसी २४०० दाखवतो.’ ही फसवणूक असेलच असं नाही. अशा बऱ्याच पट्ट्या आधी साध्या वेगाने सुरू होतात. बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ चालू करा; एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर ‘एक्स्पो’. आणि सीपीयू-झेडमध्ये ३२०० च्या जागी १६०० दिसलं तर तेही बरोबरच आहे. तो खरी घड्याळाची गती दाखवतो. प्रत्येक ठोक्याला दोन खेपा होतात, म्हणून ३२००.

कुठून घ्यावी?

सध्या भाव चढे आहेत. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. बाकीचे बहुतेक ब्रँड त्यांच्याच चिप पट्टीवर बसवून विकतात. २०२५ मध्ये या तिघींचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि वर्षाच्या अखेरीला साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या क्रुशियल पट्ट्यांची वॉरंटी पाळू, असं कंपनीने सांगितलं आहे, तेव्हा बिल जपून ठेवा.

अशा दिवसांत वापरलेली डीडीआर४ घेणं वेडेपणाचं नाही. रॅमला फिरणारा भाग नसतो, ती झिजत नाही. चालते किंवा चालत नाही, आणि ते तपासता येतं.

लॅमिंग्टन रोड. कम्प्युटरच्या सामानाचा बाजार इथेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचाराल तर दुकानदारच विचारात पडेल. सांताक्रूझहून स्लो गाडी पकडा, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. फास्ट तिथे थांबत नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. चार ठिकाणी भाव विचारा, पण तोच मॉडेल नंबर दाखवून विचारा. ‘१६ जीबी कितीला?’ असं विचारलंत तर चार दुकानांत चार वेगळ्या वस्तूंचे भाव मिळतील.

गल्लीतलं दुकान. शंभर-दोनशे जास्त जातील. पण तो बसवून देतो, चालवून दाखवतो आणि उद्या सकाळी तिथेच असतो. स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात धरायची तयारी नसेल त्याने इथेच घ्यावी.

ऑनलाइन. विक्रेत्याचं नाव वाचा, परतीची मुदत बघा, पाकीट उघडताना व्हिडिओ काढा.

फसगत इथे होते

मी स्वतः एकदा फसलोय. जुन्या मालाच्या एका दुकानात १६ जीबी डीडीआर४ ची पट्टी निम्म्या भावात मिळाली. घरी आणली, स्लॉटमध्ये छान बसली, आणि पीसी काही केल्या सुरू होईना. लेबलावर ते ‘आर’ होतं. सर्व्हरची पट्टी दिसते तशीच, बसतेही, पण घरगुती बोर्डवर चालत नाही. स्वस्त का होती ते कळलं, फक्त ट्रेनचं तिकीट दोनदा काढल्यानंतर.

- डीडीआर३ मध्ये ‘फक्त एएमडीसाठी’ अशा स्वस्त पट्ट्या ऑनलाइन विकल्या जातात. इंटेलचा बोर्ड असेल तर हात लावू नका.
- वरचं लेबल बदललेलं असू शकतं. सीपीयू-झेडमध्ये ‘एसपीडी’ या पानावर पट्टीच्या आतली नोंद दिसते. तिथला पार्ट नंबर आणि लेबलावरचा जुळला पाहिजे.
- डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. बसत नाही म्हणून अंगठ्याने रेटू नका, बोर्ड जाईल.

बसवताना

बटण बंद करा, वायर काढा, चालू करायचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. स्लॉटच्या कडेच्या खिट्ट्या उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. ‘खट्’ आवाज आला पाहिजे. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. बोर्डच्या पुस्तिकेत पक्कं लिहिलेलं असतं.

डीडीआर५ पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड नव्या रॅमशी ओळख करून घेत असतो. घाबरून मधेच वीज बंद करू नका, चहा टाका.

आता तपासणी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहेच, पण मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हे मोफत प्रोग्राम जास्त कडक. पेनड्राइव्हवर घाला, रात्री लावून झोपा. सकाळी चूक शून्य पाहिजे. ‘एकच एरर आहे, चालून जाईल’ असं चालत नाही. तो एक एरर कधीतरी टॅलीच्या फाइलवर उतरेल. जुनी पट्टी तर याशिवाय घेऊच नका.

पावसाळ्यातले बीप

जुलै आला की फोन सुरू होतात: ‘काल चालू होता, आज नुसता बीप वाजतोय.’ दमट हवेने पट्टीच्या सोनेरी पिनांवर थर चढतो. पट्टी काढा, शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, परत बसवा. दहातले बरेच पीसी एवढ्यावर उठतात. नवी रॅम घ्यायच्या आधी हा दहा रुपयांचा उपाय करा.

तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. वाकोला नाल्याकाठच्या घरांना पाणी किती वर येतं, ते सांगायची गरज नाही. आणि ओला झालेला पीसी कोणतीच वॉरंटी पोटात घेत नाही.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

‘पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे पडतील.’ हे वाक्य ऐकलं की पाकिटावरची एमआरपी दाखवा. ती सर्व करांसह असते. एमआरपीच्या आत भाव ठरवणं हा घासाघिशीचा भाग, पण बिल मागणं हा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

1. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, रॅमचा मॉडेल नंबर आणि पट्टीवरचा सिरियल नंबर लिहून घ्या. ‘१६ जीबी रॅम, १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाचं नाही.
2. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशात बनलं ते छापलेलं असलं पाहिजे.
3. वॉरंटी ‘लाइफटाइम’ म्हणजे किती वर्षं आणि ती दुकान देणार की कंपनी, हे तिथेच विचारा.
4. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला सदोष मालाच्या बाबतीत अर्थ नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं याच कायद्याने अनुचित ठरतं.
5. ऑनलाइन खरेदीत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

दुकानदार ऐकतच नसेल तर आधी मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो जोडून लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत आहे, तिथे मार्गदर्शन मिळतं. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मुंबई उपनगरचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, म्हणजे वाकोल्याहून रिक्षाच्या अंतरावर. खरेदी कुठेही केली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. एका पट्टीसाठी तिथवर कोणी जात नाही म्हणा. पण ‘मी वांद्र्याला जाईन’ हे वाक्य पक्क्या बिलासकट उच्चारलं, की बऱ्याच दुकानांत बदली पट्टी सापडते.

नवी बसवल्यावर निघालेली जुनी पट्टी दुकानात टाकून येऊ नका. ४ जीबीची का असेना, कागदात गुंडाळून खणात ठेवा. पुढच्या जुलैत बीप वाजला की दोष पट्टीचा की स्लॉटचा, हे तिच्यावरच कळेल.